डोळ्यातला बुडबुडा आणि पुण्याचा रस्ता

सुरुवातीला मी चष्माच पुसला. आधी ओढणीने, मग डबीतल्या मऊ कापडाने, मग साबण लावून नळाखाली. उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते, कुणी मिरपूड उडवावी तसे. चष्मा स्वच्छ झाला, ठिपके तिथेच. मग मी लॅपटॉपची स्क्रीन पुसली.

संध्याकाळी डोळ्याच्या कडेला काहीतरी चमकायला लागलं. डोळे मिटले तरी चमकत होतं. दुखत मात्र काहीच नव्हतं, आणि जे दुखत नाही त्याला आमच्या घरात आजारपण म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग चालू असताना उजव्या डोळ्यात खालून एक करडी सावली वर आलेली दिसली, बादलीत पाणी चढावं तशी. माझा कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद होता. मी डावा डोळा हाताने झाकून पाहिला. मॅनेजर कपाळापासून नाकापर्यंत दिसत होते. त्याखाली काही नव्हतं.

हे मी लिहिते आहे ते अशा कुणासाठी, जो आत्ता चष्मा पुसतो आहे. पुसत बसू नका, एवढंच पहिलं सांगणं.

चष्मेवाले काका

आमच्या घरात डोळे म्हणजे चष्मेवाला. पनवेलच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. दुसरीत मला चष्मा लागला तेव्हापासून आम्ही तिथेच जातो. नंबर वाढला की जायचं, काच बदलायची, येताना कोथिंबीर घेऊन यायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे बिलिंगचं काम करतात. दिवसभर खुर्चीत असतात आणि वाचायचा चष्मा त्यांनी स्टेशनबाहेरून घेतला आहे. आई गोळ्यांचं पाकीट हात लांब करून वाचते, आणि हात पुरेनासा झाला की मला हाक मारते. "मला कशाला चष्मा? मला सगळं दिसतं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

काकांनी मला मशीनसमोर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. मग दिवा बंद केला.

"ताई, आज, आत्ता हॉस्पिटलला जायचं."

"नंबर वाढला असेल ना?" आई म्हणाली.

"वहिनी, नंबर वाढला असता तर मी तुम्हाला काच विकली नसती का?"

त्या दिवशी आम्ही कोथिंबीर घेतली नाही.

"खाली कधी गेलीच नाही"

हॉस्पिटलमध्ये तक्त्यासमोर बसवणाऱ्या मुलीने विचारलं, "इंग्लिश वाचणार की मराठी?" मी इंग्लिश म्हणाले. माझी सगळी शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी मला वाचता येतं पण जरा सावकाश. उजव्या डोळ्याने वरचं मोठं अक्षर तेवढं दिसलं. "अजून काही?" "नाही." डोळ्यात थेंब घातले आणि सगळं जग दुधाळ करून आम्हाला बाकावर बसवलं. आई प्रत्येक नर्सला विचारत होती, "अजून किती वेळ?" आणि बाबा तिला गप्प बसायला सांगत होते. एरवी हे उलटं असतं.

डॉक्टर मॅडमनी डोळ्यात प्रखर उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटलाय. भिंतीला ओल आली की वॉलपेपर वरून सुटत येतो ना, तसा. मध्यापर्यंत पोचत आलाय. ऑपरेशन लवकरात लवकर करायला हवं."

"नंतर पूर्वीसारखं दिसेल?" बाबांनी विचारलं.

"पडदा चिकटेल अशी आशा आहे. दृष्टी किती येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

मी ते वाक्य मनात इंग्लिशमध्ये करून पाहिलं. तिथेही तेवढंच भीतीदायक होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी बाहेर खेळायचीस का गं?"

माझ्याऐवजी आई बोलली. "नाही हो, हिचा कधी त्रासच नव्हता. शाळा, ट्यूशन, घर. खाली कधी गेलीच नाही." आई हे नेहमी कौतुकाने सांगते. त्या दिवशीही तसंच सांगायला लागली आणि शेवटच्या शब्दाला तिचा आवाज खाली गेला.

"तुमची चूक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सगळेच असं वाढवतात. पण लहान वयात उन्हात, लांबचं बघायला मिळालं नाही तर नंबर वाढत जाण्याची शक्यता जास्त असते. मोठ्या नंबरचा डोळा लांबट होतो, पडदा पातळ होतो. लॅपटॉपने पडदा फाटत नाही, ते मनातून काढा."

ऑपरेशनआधी तपासण्या झाल्या. फिजिशियन रिपोर्ट बघून म्हणाले, "या वयात शुगर काठावर? चालता का रोज?"

"घरात," मी म्हणाले.

"घरात कुठे?"

"हिच्या खोलीपासून फ्रिजपर्यंत," आई म्हणाली. ते दोघं हसले. मी हसले नाही, पण ते खरं होतं. कामोठ्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात माझं ऑफिस म्हणजे माझी गादी. जेवण तिथे, काम तिथे. कितीतरी दिवस मी चप्पल घातलेली नसायची.

पाय

ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरतात. त्या गॅसचा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो, आणि तो नीट दाबावा म्हणून डोकं खाली घालून राहायचं. बसताना खाली, जेवताना खाली, झोपताना पालथं. ऑपरेशनबद्दल मी इतकंच सांगेन. दुखलं नाही. भीती वाटली ती नंतर, पट्टीखालच्या अंधारात.

शेजारच्या कॉटवर उरणकडची एक मावशी होती, तीही माझ्यासारखीच पालथी. आम्ही एकमेकींचे चेहरे पाहिलेच नाहीत. बाथरूमला जाताना मान खाली असल्यामुळे मला तिचे पाय दिसायचे. भेगाळलेल्या टाचा, चांदीची जाड जोडवी.

"पोरी, तुजा बी परदा सुटला?"

"हो."

"आपून दोगी बाजारातल्या पापलेटासारक्या परल्याव. फक्त बरफ नाय."

मी उशीत तोंड खुपसून हसले, आणि हसताना डोकं हलेल म्हणून घाबरले.

"तुजं पाय लय गोरं हायेत," ती थोड्या वेळाने म्हणाली. "उनात ठेव जरा."

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळं समजावलं. थेंब कधी, मान कशी. "आणि गॅस विरघळेपर्यंत विमानप्रवास अजिबात नाही. उंचावर हवेचा दाब कमी असतो, गॅस फुगतो. थंड हवेची ठिकाणंही नकोत. महाबळेश्वर, माथेरान, काही नाही."

"आमचा चौथा मजला चालेल?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर हसल्या. "चालेल."

"आम्ही कुठे विमानात बसतोय," आई लिफ्टमध्ये म्हणाली. सूचनांमधली ही एक तरी आपल्याला लागू नाही, याचं तिला बरं वाटलं.

आई जमिनीवर

घरी मी कॉटच्या कडेला कपाळ टेकवून पालथी असायचे आणि फरशी बघायचे. फरशीवर करड्या शिरा होत्या. मला त्यातल्या काही अजून पाठ आहेत.

पहिल्या दुपारी आईने खाली चटई टाकली आणि ती माझ्या तोंडाखाली उताणी झोपली.

"काय करतेस?"

"तुझ्याशी बोलायचं तर तोंड दिसायला नको?"

मग रोज ती तशीच झोपायची. भाजी निवडायचीसुद्धा तिथेच, पोटावर ताट ठेवून. एवढ्या जवळून, इतका वेळ मी आईचा चेहरा कधी पाहिला नव्हता. आम्ही फारसं बोलायचो नाही. कधी ती झोपून जायची आणि मी एका डोळ्याने तिच्या झोपेवर पहारा द्यायचे.

तिथेच एकदा ती म्हणाली, "ऑपरेशनचं कुणाला बोलायला नको."

"का?"

"स्थळं बघतोय आपण. मुलीच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की लोक तेवढंच धरून बसतात."

माझ्या बायोडेटातल्या फोटोत चष्मा नाही. तो फोटो काढताना मला फोटोग्राफरही दिसत नव्हता, मी आवाजाच्या दिशेने हसले होते. आईचं बोलणं मला लागलं, पण मी वाद घातला नाही. मलाही कुणी विचारपूस करायला यायला नकोच होतं. तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगितलं की सायलीचे डोळे आलेत. पुण्याच्या मामालाही हेच.

पट्टी निघाल्यावर मला बुडबुडा दिसायला लागला. आधी सगळंच धूसर होतं. मग वरच्या बाजूला एक स्वच्छ फट उघडली आणि तिच्याखाली एक आडवी रेषा दिसू लागली, बाटलीतल्या पाण्याला असते तशी. रेषेच्या वर दिसायचं, खाली धूसर. मान हलवली की रेषा हलायची. दर थोड्या दिवसांनी ती आणखी खाली उतरायची, म्हणजे बुडबुडा लहान होत होता. मान वर करायची परवानगी मिळाली. बाबा ऑफिसातून आले की दारातूनच विचारायचे, "पाणी कुठपर्यंत?" मी म्हणायचे, "नाकाच्या खाली."

पुणे

पुण्याच्या मामाच्या मुलाचा साखरपुडा ठरला. मामीचा फोन आला, "डोळे आलेले एव्हाना बरे झाले असतील ना? मग नक्की यायचं." आता नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या घरचं कार्य. न गेलो असतो तर प्रश्न आले असते, आणि प्रश्न नको म्हणूनच तर आम्ही सगळं लपवलं होतं. आईने मला काळा चष्मा दिला आणि आम्ही बाबांच्या गाडीने सकाळी निघालो.

आम्ही तिघांनी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं. महाबळेश्वर आमच्या लक्षात होतं, माथेरान लक्षात होतं. पण पनवेलच्या माणसाला पुण्याला जाताना आपण डोंगर चढतोय असं वाटतच नाही. कळंबोलीवरून एक्स्प्रेसवे घ्यायचा, टोल भरायचा, घाटात आईने कान दुखतात म्हणून गोळी चघळायची, लोणावळ्याला चिक्की घ्यायची की नाही यावर थोडा वाद, आणि पुणे. घाट हा आमच्यासाठी रस्त्याचाच एक भाग आहे.

खोपोली मागे पडली आणि मला रेषा वर सरकताना दिसली.

आधी वाटलं, मान वाकडी झाली असेल. मी ताठ बसले. रेषा आणखी वर आली. नाकापर्यंत, मग डोळ्याच्या मध्यावर. भुवईच्या आत कुणीतरी अंगठ्याने दाबतंय असं वाटायला लागलं. मळमळलं.

"आई, पाणी चढतंय."

"कुठलं पाणी?"

"डोळ्यातलं. दुखतंय."

बाबांनी आरशात पाहिलं. "फार?"

त्याच वेळी उजव्या डोळ्यातला उजेड मावळायला लागला. कुणी रेग्युलेटर फिरवून दिवा मंद करावा तसा. धूसर होतं ते करडं झालं, करडं होतं ते काळं.

"मला उजव्याने दिसत नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज इतका शांत निघाला की आईला आधी कळलंच नाही.

"अहो, गाडी फिरवा!"

"कुठे फिरवू? एक्स्प्रेसवे आहे हा!"

पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये दुभाजक. मी फोन काढला. मी फोनवर बोलणं टाळते. ऑफिसातही मेसेज करते. पण आईला फोनवरचा नंबर दिसला नसता आणि बाबा गाडी चालवत होते. डॉक्टर मॅडमनी स्वतःच उचलला.

"कुठे आहेस तू आत्ता?"

"घाटात. पुण्याला चाललोय."

"खाली उतरा. लगेच."

"खाली यायला आधी वर जावं लागेल, मॅडम. लोणावळ्याशिवाय बाहेर पडता येत नाही."

"ठीक आहे. घाबरू नकोस. ऑपरेशननंतर दिलेली डोळ्याच्या दाबाची गोळी आहे का जवळ? घे आत्ता. लोणावळ्याला थांबू नका, वळा आणि थेट माझ्याकडे या."

आईने पर्समधलं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हीच ना? हीच ना गं?" तिला वाचता येत नव्हतं. मी डाव्या डोळ्याने वाचलं. हीच.

लोणावळ्यापर्यंतचा तो चढ मला दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ नंतर बराच वेळ राहिला. मी काळा चष्मा काढला आणि उजव्या डोळ्याने खिडकीच्या बाहेर उन्हाकडे बघत राहिले. तिथे काही नव्हतं.

वळलो. उतरायला लागलो. एका वळणावर काळ्याचं करडं झालं. अजून खात्री नव्हती. मग बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा उजेड आत आला. त्यानंतर रेषा दिसली, अगदी वर, आणि हळूहळू खाली सरकायला लागली.

"आई, रेषा उतरतेय."

आईने मान हलवली. मग तिचा फोन वाजला. मामा. तिने स्पीकर लावला.

"तायडे, कुठवर आलात? सगळे खोळंबलेत."

"आम्ही परत फिरलोय रे."

"का? काय झालं?"

बाबांनी आरशात आईकडे पाहिलं. गाडी बिघडली म्हणता आलं असतं.

"सायलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय," आई म्हणाली. "मोठं. पडद्याचं. आत्ता घाटात तिला दिसेनासं झालं."

"डोळे आलेत म्हणालीस ना?"

"खोटं बोलले."

मागे सनई वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी हार आणायला सांगत होतं.

"आता दिसतंय का पोरीला?"

"थोडं दिसतंय म्हणते."

"मग रडू नकोस. इथलं आम्ही बघतो. तिला आधी डॉक्टरकडे ने. आणि तायडे, माझ्याशी खोटं बोललीस ते मी बघतोच नंतर."

आई रडता रडता हसली. घाट संपला तेव्हा रेषा नाकाच्या खाली आली होती, जिथे सकाळी होती.

नंतर

डॉक्टरांनी दाब मोजला, औषधं दिली, थांबवून घेतलं, पुन्हा मोजला. पडदा जागेवर होता. डोळ्याच्या नसेला इजा झाल्यासारखी दिसत नव्हती. "वेळेत उतरलात," त्या म्हणाल्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, "खरं तर हे मी सांगायला हवं होतं. पनवेलच्या पेशंटला महाबळेश्वर नको म्हणून काय उपयोग? पुण्याला जाऊ नका, असं सांगायला हवं." आता त्या तसंच सांगतात. माझ्या शेजारी तपासणीला बसलेल्या एका काकांना सांगताना मी ऐकलं. काका म्हणाले, "पण मुलगी दिली आहे पुण्याला." डॉक्टर म्हणाल्या, "तिला खाली बोलवा."

मामा-मामी पुढच्या रविवारी आले, साखरपुड्याचे पेढे घेऊन. मग आत्या आली, शेजारचे आले. मला ज्याची धास्ती होती ते सगळं झालं. प्रत्येकाने सल्ला दिला, एकाने गाजराचा रस आणला. मी खोलीच्या दाराचा पडदा ओढून घेतला नाही. एका स्थळाने नंतर कळवलं नाही. दोन दिवसांनी आई म्हणाली, "बरं झालं." बायोडेटातला फोटो बदलला आहे. नव्या फोटोत मला फोटोग्राफर दिसतोय.

बुडबुडा शेवटी टिकलीएवढा झाला. खाली कुठेतरी गोल डुलत राहायचा. एका सकाळी मी दात घासताना खाली पाहिलं आणि तो नव्हता. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, हे खरं आहे.

उजव्या डोळ्याने पूर्वीइतकं दिसत नाही. सरळ ओळी मध्ये जराशा वाकतात. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर पातळ जागा होत्या, त्यांना लेसर केलं. दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, बहुधा कायमचं. संध्याकाळी बाबा आणि मी सेक्टरच्या मैदानाला फेऱ्या मारतो. मला ते आवडत नाही. लोक थांबवून बोलतात. पण शुगर काठावरून मागे आली आहे, आणि माझ्या पायांवर उन्हाने चपलेच्या पट्ट्यांचे ठसे उठले आहेत. उरणच्या मावशीला दाखवायला हवे.

मामाच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. खोपोलीपासून आई पुढच्या सीटवर मागे वळून बसली.

"रेषा?"

"नाही."

बोगदा गेला. "आता?"

"आई, बुडबुडाच नाहीये. रेषा कुठून येणार?"

"तरी."

चढ संपला तिथे रस्त्याच्या कडेला एक पाटी होती. मी डावा डोळा हाताने झाकला. अक्षरं मध्यभागी किंचित झुकलेली होती, पण होती. मी सावकाश, शाळेत वाचल्यासारखं मोठ्याने वाचलं, "घाट समाप्त."

"असं लिहिलंय?" आईने डोळे बारीक केले. "मला वाटलं हॉटेलची जाहिरात आहे."

बाबा म्हणाले, "आल्यावर हिलाही दाखवून आणू. चष्मेवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे."

"मला सगळं दिसतं," आई म्हणाली, पण नेहमीसारखं ठासून नाही. मग तिने पुढच्या पाटीकडे बोट केलं. "ती वाच बघू. उजव्याने."

मी वाचली. बरोबर की चूक ते आईला कळायला मार्ग नव्हता, म्हणून ती बाबांकडे बघायची आणि बाबा मान हलवायचे. पुण्यापर्यंत ती पाट्या दाखवत राहिली आणि मी डावा डोळा झाकून वाचत राहिले.